बाटलीतला रस आणि बाटलीतला मटार

वैशाख सरत आला की कोकणातल्या घरांत आंबा खाऊन संपत नाही. पाऊस येण्याआधी त्याची सोय लावायची म्हणून सारे घर कामाला लागते. ताटांतून आंबापोळी वाळू लागते, फणसाची पोळी पडते. रातांब्याच्या साली त्यांच्याच रसात मिठासह पुन्हा पुन्हा बुडवून वाळवल्या की आमसुले होतात. या जुन्या बेगमीत आमरस बाटलीत भरून ठेवण्याची रीत मात्र मागाहून आली, आणि तिचे मूळ फ्रान्समध्ये आहे.

निकोला अपेर हा पॅरिसचा मिठाईवाला. रुंद तोंडाच्या बाटल्यांत अन्न भरून, घट्ट बूच मारून, त्या पाण्यात उकळल्या तर अन्न टिकते हे त्याने वर्षानुवर्षे खटपट करून दाखवले. 1810 साली फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँकचे बक्षीस दिले. अट एवढीच, की कृती छापून सर्वांना खुली करायची. असे का घडते हे खुद्द अपेरला ठाऊक नव्हते. ते कळायला पाश्चरच्या जंतुसंशोधनापर्यंत सुमारे अर्धे शतक थांबावे लागले.

आपल्याकडची घरगुती कृती तीच आहे. रस गाळून त्यात किलोमागे साधारण 5 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालायचे, तो वाफा येईपर्यंत तापवायचा, उकळून घेतलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरायचा आणि बूच लावून अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायचा. हे ॲसिड रुचीपुरते आहे असे समजून पुष्कळजण ते गाळतात. इथेच चूक होते.

मातीत बोट्युलिनम नावाचा एक जंतू असतो. त्याचे बीजाणू 100 अंश उष्णतेने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालची 121 अंशांची वाफ लागते. शिवाय हा जंतू हवा नसेल तिथेच वाढतो. म्हणजे ज्या हवाबंद बाटलीचा आपल्याला भरवसा, तीच त्याला मानवते! त्याला अडवतो तो आंबटपणा. पीएच 4.6 च्या खाली असेल तर हे बीजाणू रुजत नाहीत. कैरी, लिंबू, कोकम यांना स्वतःचेच संरक्षण आहे. पिकून गोड झालेला आंबा मात्र या रेषेच्या अगदी जवळ येतो, आणि ते चिमूटभर ॲसिड त्याला अलीकडे खेचते.

मटार, फरसबी, गाजर, मका यांत आंबटपणा जवळजवळ नाहीच. मटार स्वस्त झाला म्हणून रसाच्याच रीतीने तो बाटलीत भरणे म्हणजे विषाची परीक्षा पाहणे होय. या विषाला बहुधा वास नसतो, चव नसते. ते मज्जातंतूंवर आघात करते आणि श्वास बंद पाडू शकते. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात 1985 साली तेलात ठेवलेल्या लसणामुळे अशी विषबाधा झाली होती. आपल्या लसणाच्या लोणच्यात मीठ आणि लिंबू भरपूर असते, नुसत्या तेलाची गोष्ट वेगळी.

घरच्या कुकरात उष्णता 120 अंशांच्या आसपास जाते हे खरे. पण बाटलीच्या मध्यापर्यंत ती कधी पोचली हे पाहण्याचे साधन आपल्यापाशी नसते. तेव्हा ते काम कारखान्यांवर सोडावे. घरी गवार-भेंडी वाळवावी, कोहळ्याचे सांडगे घालावेत, गाजर-फ्लॉवर व्हिनेगरात मुरवावेत. मटार उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. आणि बाटलीतच हवा असेल तर दुकानातून आणावा.