एसी चालू, तरी खोली दमट का?

मे महिन्यात नवी मुंबईतल्या नेरुळ किंवा वाशीच्या फ्लॅटमध्ये एसी तासभर चालला, तरी अंग चिकट राहते. अनेकदा दोष यंत्राचा नसून फटींचा असतो. खाडीकाठच्या हवेत बाष्प भरपूर. ते फटीतून आत आले की एसीच्या थंड नळ्यांवर त्याचे पाणी होते. हवा गार करण्याऐवजी बरीच वीज या कामी खर्ची पडते.

फट शोधायची कशी? पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो, तसेच हे काम. खिडक्या-दारे बंद करा, पंखे, एसी आणि गॅस बंद ठेवा, फक्त स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू करा. तो हवा बाहेर फेकतो, आतला दाब किंचित उतरतो आणि बाहेरची हवा फटींतून आत घुसते. पेटती उदबत्ती चौकटीजवळ, पडद्यांपासून दूर धरा. धूर आत ढकलला गेला, तिथे फट. तज्ज्ञ दारात मोठा पंखा बसवून 50 पास्कल, म्हणजे जेमतेम 5 मिलिमीटर पाण्याच्या थराइतका, दाबफरक निर्माण करतात आणि गळती मोजतात.

सरकत्या खिडक्यांच्या झिजलेल्या ब्रशपट्ट्या आणि एसीच्या नळीभोवतीचे भोक आधी तपासा. मात्र घर डबाबंद करू नका. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’तही दमट प्रदेशातील घरांना चटईक्षेत्राच्या सुमारे एक-षष्ठांश उघडती जागा सांगितली आहे. स्वयंपाकघराची हवा तर कधीच कोंडू नये.