बंद कॉम्प्रेसर, भरलेली टाकी
जळगाव-धुळ्याकडं सोफ्याच्या कुठल्याही कारखान्यात हवेवर चालणारी पिना मारायची गन दिसते. पिन अडकते. कारागीर कॉम्प्रेसर बंद करतो आणि गन उलटी धरून तोंडात डोकावतो. इथंच घात होतो. मोटार थांबली, पण टाकीतली, पाइपातली दाबाची हवा तशीच आहे ना! अ‍ॅरिस्टॉटल याला सुप्त शक्ती म्हणाला असता. आमच्या अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात यावर तासभर वाद रंगला असता. पण इथं प्रश्न डोळ्याचा आहे. म्हणून आधी पाइप गनपासून सोडवा, मगच पिन काढा. चष्मा हवाच. ऑक्सिजनचं सिलिंडर गनला कधीही जोडू नका, स्फोट होऊ शकतो. आणि ट्रिगर दाबण्याआधी, कापड ताणून धरलेला आपला दुसरा हात कुठं आहे ते बघा.