न खाजणारा चट्टा

अंगावर एखादा डाग किंवा चट्टा उठला की आपण घरात पहिला प्रश्न विचारतो, "खाजतंय का?" खाजत असेल तर मेडिकलमधून ट्यूब आणतो. खाजत नसेल तर "राहू दे, त्रास तर नाही ना," म्हणून विसरतो. पण ज्या चट्ट्याचा काहीच त्रास नाही, तोच कधी कधी डॉक्टरांना सर्वांत आधी दाखवायचा असतो.

आधी नेहमीचे चट्टे ओळखू या. लहान मुलांच्या गालावर फिकट, कोरडे ठिपके दिसतात. "जंत झाले" किंवा "कॅल्शियम कमी आहे" असे म्हटले जाते. बहुतेक वेळा ती फक्त कोरडी त्वचा असते. गोल, कडेने लाल आणि खूप खाजणारा चट्टा म्हणजे गजकर्ण. ही बुरशी आहे. एकमेकांचे टॉवेल-कपडे वापरल्याने ती पसरते. तिच्यावर स्टिरॉइड असलेली ट्यूब लावली की खाज थांबते, पण बुरशी आत वाढत राहते. म्हणून चिठ्ठीशिवाय ट्यूब घेऊ नये.

दुधासारखा पांढरा डाग म्हणजे कोड. तो संसर्गाने होत नाही आणि त्या जागी स्पर्श नीट कळतो. इथे शब्दांचा एक गोंधळ आहे. मराठीतल्या कोडाला उर्दूत 'बरस' म्हणतात. उर्दूतला 'कोढ' म्हणजे मात्र 'जुजाम', म्हणजे कुष्ठरोग. आपल्या घरांत दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे साधे पांढरे डाग असलेल्या मुलीवर नको तो शिक्का बसतो आणि तिचे स्थळ मोडते.

आता मूळ मुद्दा. त्वचेपेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा, जन्मापासून नसलेला, न खाजणारा, न दुखणारा, आणि तिथे बधिरपणा असेल तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर बॉलपेनचे टोक हलकेच टेकवतात आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगतात. दाखवता आले नाही तर तपासणी हवीच. पक्के निदान डॉक्टरच करतील.

हा रोग जंतूंमुळे होतो. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू शोधला. तो ना शाप आहे, ना आनुवंशिक. हात मिळवल्याने किंवा एका दस्तरखानावर जेवल्याने तो लागत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, खोकण्या-शिंकण्यातून तो पसरतो आणि बहुसंख्य माणसांच्या अंगात त्याच्याशी लढण्याची ताकद असतेच. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला कित्येक वर्षे लागू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये एकापेक्षा जास्त औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. आपल्याकडे ती सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने. गोळ्यांचे पाकीट २८ दिवसांचे असते. लघवी लालसर होते, काहींची त्वचा काळवंडते. ही औषधाची खूण आहे, घाबरून गोळ्या सोडू नका. त्वचेचा रंग औषध संपल्यावर हळूहळू पूर्ववत होतो. मात्र चट्टे अचानक लाल होऊन सुजले, हातापायाच्या नसा दुखू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उशीर झाला तर बोटे वाकडी होतात, आणि आलेले व्यंग गोळ्यांनी परत फिरत नाही.

आपल्या घरांत खरी अडचण वेगळी आहे. पाठीवरचा, मांडीवरचा चट्टा बाई कुणाला दाखवणार? शोधमोहिमेत आशाताईंसोबत एक पुरुष स्वयंसेवक असतो. बायकांची तपासणी आशाताई करतात, पुरुषांची तो करतो. त्यामुळे दारातूनच "आमच्याकडे कुणाला काही नाही" म्हणून त्यांना परत पाठवू नये. नाशिककरांना त्र्यंबक नाक्याजवळचे जिल्हा रुग्णालय आहे, शिवाय महापालिकेचे दवाखाने आहेत.

घर मोडेल ही भीतीही असते. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात पतीचा कुष्ठरोग हे पत्नीला विवाह मोडून मागण्याचे एक कारण होते. २०१९ मध्ये संसदेने या आणि इतर धर्मीयांच्या विवाह कायद्यांतून ते कारण काढून टाकले, कारण रोग आता बरा होतो. कायद्याने आपले मत बदलले. घराघरांत ते बदलायचे काम आपले आहे.

महिन्यातून एकदा मुलांना आंघोळ घालताना पाठ, दंड, मांड्या उजेडात पाहा. नवरा-बायकोने एकमेकांची पाठ पाहावी. न खाजणारा चट्टा दिसला तर लपवू नका. आज सहा महिन्यांच्या गोळ्यांवर भागेल; चार वर्षांनी कदाचित भागणार नाही.