ऑपरेशन थिएटर, हिजाब आणि कोपरापर्यंतचे हात

बारावीच्या निकालानंतर शाळेत पेढे घेऊन येणाऱ्यांमध्ये हल्ली मुलींचे अम्मी-अब्बू जास्त दिसतात. आम्हा शिक्षकांना याचा आनंद मोठा. यंदा एका मुलीच्या अम्मीने पेढा हातावर ठेवत विचारलं, "सर, हिला सर्जन व्हायचंय. पण ऑपरेशनच्या खोलीत हिजाब चालत नाही, बाह्या कोपराच्या वर कराव्या लागतात, असं सगळे सांगतात. खरं आहे का?" मुलगी शेजारी मान खाली घालून उभी होती.

प्रश्न नवा नाही. जून 2023 मध्ये तिरुवनंतपुरमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या सात विद्यार्थिनींनी प्राचार्यांना पत्र देऊन थिएटरमध्ये लांब बाह्यांचं जॅकेट आणि डोकं झाकणारा सर्जिकल हूड घालण्याची परवानगी मागितली होती. त्यावर खूप वाद झाला. एका बाजूने धर्माचा हक्क, दुसऱ्या बाजूने पेशंटचा जीव. पण मुळात हा नियम कशासाठी आहे, हे त्या गोंगाटात राहूनच गेलं. आम्ही डॉक्टर नाही, विज्ञान शिकवतो. तेवढ्या बळावर समजावून सांगतो.

स्वच्छ वेगळं, निर्जंतुक वेगळं

वुजू केलेला हात पाक असतो, साबणाने धुतलेला हात स्वच्छ असतो. पण थिएटरच्या हिशेबात दोन्ही निर्जंतुक नाहीत. निर्जंतुक म्हणजे ज्यावर एकही जिवंत जंतू उरलेला नाही असं. चिमटे, कात्र्या, कापड ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअसच्या वाफेत किमान 15 मिनिटं ठेवून तसं करता येतं. माणसाची कातडी मात्र कितीही घासली तरी पूर्ण निर्जंतुक होत नाही, जंतू फक्त कमी होतात. म्हणून त्यावर निर्जंतुक गाऊन आणि ग्लोव्हज चढवावे लागतात.

ऑपरेशनला हात लावणारा प्रत्येक जण आधी नखांपासून कोपरापर्यंत दोन ते पाच मिनिटं हात धुतो. नंतर हात वर धरूनच चालतो, म्हणजे पाणी बोटांकडून कोपराकडे ओघळतं, उलटं येत नाही. बाही लांब असेल तर ती भिजते आणि ओल्या कापडातून जंतू धुतलेल्या हातावर परत येतात. बाहीला विरोध आहे तो एवढ्यासाठी.

आता एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हात उघडे राहतात ते बेसिनपासून गाऊन घालेपर्यंत, जेमतेम काही मिनिटं. प्रत्यक्ष ऑपरेशन चालू असताना सर्जनचे हात मनगटापर्यंत गाऊनने आणि पुढे ग्लोव्हजने झाकलेलेच असतात.

खरी अडचण कुठे?

थिएटरचा कायदा एका वाक्याचा आहे. निर्जंतुक वस्तूला फक्त निर्जंतुक वस्तूच लागली पाहिजे. वाक्य सोपं, पाळणं महाकठीण. कारण जंतू दिसत नाहीत. गाऊनसुद्धा सगळीकडून निर्जंतुक धरत नाहीत. छातीपासून टेबलाच्या उंचीपर्यंतचा पुढचा भाग आणि बाह्या, एवढंच. पाठ नाही, कमरेखाली नाही. म्हणून सर्जन दमला तरी हात खाली सोडत नाही.

त्यात कोणी सारखं आत-बाहेर करतो आणि दार उघडलं की बाहेरची हवा आत येते. मध्येच वीज गेली की ऑटोक्लेव्हची फेरी पहिल्यापासून करावी लागते. ओलं राहिलेलं गाठोडं वापरता येत नाही, पण बाहेर पेशंट ताटकळलेले असतात. गाठोड्यावरच्या पट्टीचा रंग बदलला तरी ती वाफेत जाऊन आली एवढंच कळतं, आतलं सगळं निर्जंतुक झालं याची ती हमी नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे कबुली. नव्या विद्यार्थिनीच्या ग्लोव्हजचा चुकून दिव्याला स्पर्श झाला. कोणी पाहिलं नाही. तिने "माझा हात लागला" म्हटलं तर ग्लोव्हज बदलावे लागतील, वेळ जाईल, कदाचित बोलणीही बसतील. गप्प बसली तर आज काहीच होणार नाही. आठ दिवसांनी कोणाच्या तरी टाक्यांत पू होईल. पेशंटचा जीव शेवटी तिच्या या प्रामाणिकपणावर असतो.

मग वाट आहे का?

आहे. आक्षेप घरून घालून आलेल्या, दिवसभर वापरलेल्या कापडाला आहे, डोकं झाकण्याला नाही. डोकं तर थिएटरमध्ये सगळ्यांनाच झाकावं लागतं. दाढीवाल्या डॉक्टरांसाठी दाढी झाकणारे हूड असतात. ब्रिटनमध्ये कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा नियम कडक आहे, तरी 2010 मध्ये सरकारने पेशंटजवळ काम करताना एकदा वापरून टाकून द्यायच्या बाह्या घालायला मोकळीक दिली. डिसेंबर 2019 मध्ये डर्बीच्या रॉयल हॉस्पिटलने एकदाच वापरायचे निर्जंतुक हिजाब आणले. कल्पना एका तरुण मुस्लिम डॉक्टरची. दिवसभर वापरलेल्या हिजाबमुळे तिला एकदा थिएटरबाहेर जायला सांगितलं होतं. तिने नियमाशी भांडण केलं नाही, नियमात बसेल असं कापड शोधलं.

गंमत म्हणजे, अमेरिकेतल्या थिएटर-नर्सेसच्या संघटनेने काही वर्षांपूर्वी उलट सल्ला दिला होता. जे स्वतः ऑपरेशन करत नाहीत त्यांनी हात झाकावेत, म्हणजे कातडीचे कण हवेत उडणार नाहीत. म्हणजे बघत उभ्या राहणाऱ्यांच्या बाह्यांबद्दल विचाराला जागा आहे. ऑपरेशनला हात लावणाऱ्यांचं कोपरापर्यंत धुणं मात्र कुठेच चुकत नाही. त्या काही मिनिटांचा शरई मसला आलिमांना विचारावा, तो आमचा प्रांत नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द

आपल्यातले बरेच जण थिएटरच्या दाराशी नातेवाईक म्हणून उभे राहतो. तेव्हा अंगठी, बांगड्या, ताईत काढायला सांगितलं तर सिस्टरशी हुज्जत घालू नये. पेशंटला आंघोळ घालून न्यावं. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी ब्लेडने काढू नयेत, बारीक जखमांतून जंतू शिरतात. आणि "एकदाच बघून येतो" म्हणून दार उघडू नये.

त्या अम्मींना आम्ही एवढंच सांगितलं, "ॲडमिशन घेताना कॉलेजला विचारा, हूड मिळतो का, कसा मिळतो. वाद बेसिनपाशी नको, आधीच व्हावा." मुलीने मान वर केली आणि विचारलं, "सर, कोपरापर्यंत हात धुवायची सवय तर आम्हाला आहेच ना?"

आहे, बेटा. आता निर्जंतुक म्हणजे काय, ते शिकायचं.