कांदाचाळीतली स्टॉर्म

सकाळी 6:40

शटर अर्धंच वर जातं. उरलेलं मिस्त्री खांदा लावून ढकलतात. शिरूर बायपासला लागून दोन गाळे, महिना 7,000 रुपये भाडं. पहिल्या गाळ्यात बोलेरो पिकअप उभी आहे, गिअरबॉक्स खाली उतरवलेला. दुसऱ्यात ती. काल रात्री नऊला टोइंगवाल्याने आणून सोडली. न्हावऱ्याकडच्या वस्तीवरून इथवर 2,200 रुपये.

लाल, बुटकी, दोनच माणसांची. छत कापडाचं, फाटून लोंबतंय. बॉनेटवर कांद्याची टरफलं. अकरा वर्षं ती कांदाचाळीच्या एका टोकाला उभी होती. एका बाजूला कांदा भरायचा, दुसऱ्या बाजूला ताडपत्रीखाली ही.

सॅन स्टॉर्म. 1990 च्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायला लागलेली गाडी. आराखडा फ्रेंच, इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, 60 हॉर्सपॉवरच्या आसपास. बॉडी फायबरची. आपल्याकडे दोन सीटची, छत उघडणारी गाडी कारखान्यात बनवून विकायला काढणारे फार थोडे. त्यातली ही एक. आता ती बनत नाही, आणि तिच्यासाठी वेगळं पार्टचं दुकानही नाही.

सकाळी 7:05

कामाला हात रात्रीच लागलाय. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात दोन-दोन झाकणं तेल सोडलंय. निम्मं डिझेल, निम्मं पॉवर स्टेअरिंगचं लाल तेल. रात्रभर ते रिंगांत मुरतं.

"सेल्फ मारायचा नाही," मिस्त्री सांगतात. "सेल्फला अक्कल नसते. इंजिन जाम असलं तरी तो जोर लावतो. मग रिंग तुटते, नाहीतर भिंत ओरखडते."

ते आडवे होऊन क्रँकच्या पुलीच्या नटावर गोटी बसवतात. पुढे लांब दांडा. दाबतात. काही नाही. थांबतात, उलटं थोडं, परत सुलटं. आवाज नाही, झटका नाही. तिसऱ्यांदा दांडा दोन बोटं सरकतो. मग पाव फेरा. मग पूर्ण. प्लगच्या भोकांतून काळपट तेलाचे फुत्कार येतात.

"सुटलं," ते म्हणतात, आणि चहा सांगतात.

सकाळी 7:40

हाताखालचा पोरगा येतो. बारक्या म्हणतात त्याला. आयटीआय झालाय, मोटार मेकॅनिक. रांजणगाव एमआयडीसीत वर्षभर अप्रेंटिस होता. तिथे फियाटच्या कारखान्यात जीप बनतात, आजूबाजूला त्यांना माल पुरवणारे कारखाने. करार संपला, पुढे बोलावणं आलं नाही. इथे रोज 450 रुपये, चहा-नाष्टा मिस्त्रींचा.

त्याचं पहिलं काम घाणीचं. कॉम्प्रेसरची हवा मारून उंदराचं घरटं काढायचं. सीटचा स्पंज, कापूस, कांद्याची पात, वायरींचे तुकडे. डॅशबोर्डखालच्या सात वायरी कुरतडल्यात. तो प्रत्येकीचा रंग वहीत लिहून घेतो, टोकं सोलून ठेवतो. सोल्डर दुपारनंतर.

मिस्त्री हाताने बॉडी ठोकून बघतात. फायबर, त्यामुळे गंजाचा प्रश्न नाही. मग खाली जाऊन चासी ठोकतात. ती लोखंडाची. डाव्या बाजूला एका जागी हातोडीचा आवाज बदलतो. तिथे खडूने गोल करतात. वेल्डिंगवाला परवा येईल.

टायर चारही फुगलेत, पण खालून चपटे झालेत. मिस्त्री टायरच्या कडेवरचा शिक्का दाखवतात. चार आकडे, 2309. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2009 चा तेविसावा आठवडा. रबराला भेगा आहेत.

सकाळी 8:30

गाडी दुरुस्तीला देणारे येतात. साठीचे, पांढरा सदरा, पायात चिखल. सगळे त्यांना आबा म्हणतात. गाडी त्यांची नाही, थोरल्या भावाची. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा पैसे आले. आबांनी विहीर खोल केली आणि ट्रॅक्टर घेतला. भावाने गोव्याहून ही आणली, 2001 ची. भाऊ गेले. पुतण्या म्हणतो, भंगारात घाला. भंगारवाल्याने 9,000 सांगितले, फायबरचं वजन त्याला नको होतं.

"चालू करून द्या मिस्त्री," आबा एवढंच बोलतात. "एकदा."

उक्तं ठरलंय. मजुरी 15,000, पार्टचे पैसे वेगळे, काम महिनाभरात, मधल्या वेळात. सकाळी शेतकऱ्यांच्या गाड्या आधी.

आणि तसंच होतं. पावणेनऊला उसाचा ट्रॅक्टर दारात. मागे जोड ट्रॉली, एका चाकाचं बेअरिंग वाजतंय. गळीत हंगाम चालू आहे, गाडी थांबली की खेप बुडते. मिस्त्री स्टॉर्म तशीच सोडून जॅक घेऊन बाहेर जातात. चाळीस मिनिटं. बेअरिंगचे वेगळे, मजुरी 600. भाडं अशाच कामांतून निघतं.

सकाळी 9:50

टाकी रिकामी करायची. नळी सोडल्यावर डबड्यात जे पडतं ते चहाच्या रंगाचं, घट्ट. वास पेट्रोलचा नाही, जुन्या वॉर्निशचा. बारक्या तोंड फिरवतो.

टाकीतला पंप निघतो तो चिकटलेला. बॅटरी लावली तरी फिरत नाही. मिस्त्री त्याची गोलाई व्हर्नियरने मोजतात, लांबी मोजतात, दोन्ही पिना कुठे आहेत ते बघतात. मग कपाटातून एक खोका काढतात. आपल्याकडच्या रोजच्या छोट्या गाडीचा पंप. गोलाई जवळपास तीच. दाब तीन बारच्या आसपास, या इंजिनाला लागतो तेवढा. 1,900 रुपये. रबरी बूच तेवढं कापून बसवावं लागेल.

मला या साऱ्या कामात सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे माप. कंपनीचा नंबर मागून मिळणारं काहीच नाही. बेअरिंगवरचा आकडा वाचायचा, ऑइल सीलचे आतलं, बाहेरलं आणि जाडी असे तीन आकडे घ्यायचे, नळीचं भोक बघायचं, आणि मग तेच अंगमाप दुसऱ्या कुठल्या गाडीत आहे ते आठवायचं. मिस्त्रींना ते आठवतं. फक्त टायमिंग पट्टा असा मिळत नाही, त्याचे दात जुळावे लागतात. इंजिनावर डी-7-एफ असं कोरलंय. युरोपात रेनॉच्या क्लिओ आणि ट्विंगोमध्ये हेच इंजिन असायचं. त्या नावाने पट्टा आणि टेन्शनर गाडी इथे यायच्या आधीच बाहेरून मागवून ठेवला होता. कस्टम धरून 4,800.

सकाळी 10:40

पुढच्या दोन्ही ब्रेकचे कॅलिपर जाम. ग्रीसगनने दाब देऊन पिस्टन बाहेर काढले तर त्यांवर गंजाचे खड्डे. नवे मिळणार नाहीत. मिस्त्री दोन्ही पिस्टन आणि एक रिकामा कॅलिपर फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकतात. मोटारसायकलला किक. दौंडला निघायचं.

पुणंही फारसं लांब नाही, पण वाघोलीच्या गर्दीत दिवस जातो. आणि दौंडला लेथवाले काका आहेत.

रस्ता न्हावऱ्यावरून. दोन्हीकडे ऊस, मध्ये तोडलेली रानं, पाचट. ट्रॉल्या रस्त्याच्या मधून चालतात, त्यांना ओलांडायला धीर लागतो. पारगावच्या पुलावर भीमा ओलांडली की दौंड तालुका. केडगाव, चौफुला, पुढे सोलापूर रस्ता. मिस्त्री वाटेत एकदाच बोलतात. एका वळणावर उलटलेली ट्रॉली दिसते तेव्हा. "पिन कापली असणार," म्हणतात.

दुपारी 12:20

लेथ जुना, पत्र्याच्या शेडमध्ये. काकांचे वडील रेल्वेत होते. दौंड जंक्शनच्या गावात असं घर दर गल्लीत सापडतं. काका पिस्टन हातात घेतात, चष्मा वर करतात.

"कुठल्या गाडीचा?"

"सॅन स्टॉर्म."

"सॅन? बेंगळुरूची? ती शंटिंग इंजिनं बनवणारी?"

तीच. सॅन मोटर्स त्याच घरातली. रेल्वेच्या कामाची इंजिनं बनवणाऱ्यांनी ही गाडी काढली होती, हे काकांना माहीत नव्हतं. ते पिस्टन परत उलटसुलट करून बघतात, या वेळी जास्त वेळ.

स्टेनलेसची सळी चकमध्ये लागते. पत्ती टेकते. निळसर किस गुंडाळ्या होऊन खाली पडतो. काका बोलत नाहीत. दर फेरीनंतर मशीन थांबवून मायक्रोमीटर लावतात. कॅलिपरचं भोक आधी मोजून पाटीवर लिहिलंय. पिस्टन त्यापेक्षा किंचित बारीक हवा. जास्त बारीक झाला तर तेल गळेल, कमी झाला तर परत अडकेल. शेवटचे दोन शतांश मिलिमीटर ते पत्तीने घेत नाहीत. बारीक पॉलिश पेपर, तेलाचे थेंब, फिरती सळी.

दोन पिस्टन, दीड तास, माल धरून 1,400 रुपये. मिस्त्री घासाघीस करत नाहीत. डब्यातली भाकरी-पिठलं तिथेच खाऊन होतं. काका त्यांच्यातलं लोणचं देतात.

दुपारी 2:15

दौंडच्या बाजारात दोन कामं. ब्रेकची रबरं, मापाने, 260 रुपये. आणि पेट्रोलची नळी.

दुकानदार साधी नळी काढतो. मिस्त्री परत देतात. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सोसणारी पाहिजे. 2025 पासून पंपांवर तेच पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, आतून सुटून इंजेक्टरमध्ये जातं. 2001 ची नळी या पेट्रोलसाठी बनलेलीच नव्हती. चार मीटर, 720 रुपये.

परतताना पुन्हा ट्रॉल्यांमागून. ज्या उसामागून आम्ही हळूहळू चाललोय, त्याच्या साखरेबरोबर इथेनॉलही निघतं. मिस्त्री नळीची पिशवी हँडलला घट्ट बांधून घेतात.

दुपारी 4:10

बारक्याने वायरी जोडून ठेवल्यात. प्रत्येक जोडावर आवरण चढवलंय, रंग वहीप्रमाणे. मिस्त्री सातही जोड ओढून बघतात. काही बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे चांगलं झालंय.

टायमिंग पट्टा. जुना काढण्याआधी पुल्यांवर आणि इंजिनावर पांढऱ्या रंगाच्या खुणा. पट्टा निघतो तेव्हा बोटाने वाकवला तरी भेगा उघडतात. हा तसाच ठेवून इंजिन चालू केलं असतं तर तुटायची भीती होती, आणि मग व्हॉल्व्हची खैर नाही. नवा चढवून हाताने दोन पूर्ण फेरे. खुणा परत समोरासमोर येतात. बारक्या आपण होऊन तिसरा फेरा देतो.

सायंकाळी 5:20

चार इंजेक्टर टेबलावर. बॅटरीची वायर क्षणभर टेकवली की टिक असा आवाज यायला हवा. तीन वाजतात. चौथा मुका. त्याला क्लीनरच्या वाटीत बुडवून ठेवतात. मध्येच एक बाई स्कूटर घेऊन येतात, केबल तुटलीय, ते काम होतं, 120 रुपये. परत वायर टेकवली. काही नाही. परत बुडवला. सहाच्या सुमाराला एकदम टिक. क्लीनर मारल्यावर फवारा बारीक पडतो.

इंजिन ऑइल, फिल्टर, 1,650. प्लग चार, 600. बॅटरी नवी, 3,900. रेडिएटरमध्ये आज नुसतं पाणी. गळती कळू दे, मग कूलंट.

सायंकाळी 6:45

आबा परत आलेत. बरोबर पुतण्या. तो मोबाइल काढून उभा राहतो.

आधी प्लगशिवाय सेल्फ. तेल वरपर्यंत चढू द्यायचं. ऑइलचा लाल दिवा दहा-बारा सेकंद जळत राहतो, मग विझतो. मिस्त्री मान हलवतात. प्लग बसतात. टाकीत पाच लिटर ताजं पेट्रोल. चावी अर्धी फिरवली की मागून पंपाची बारीक घरघर.

पहिला सेल्फ, काही नाही. दुसरा, एक ठोका. मिस्त्री हात वर करून सगळ्यांना थांबवतात, अर्थिंगची वायर घासून परत कसतात. तिसऱ्याला इंजिन धरतं. पांढरा धूर गाळाभर. सिलेंडरमधलं रात्रीचं तेल जळतंय. बारक्या पंखा लावतो. आधी तीनच सिलेंडर चालतात, गाडी थरथरते. मग चौथा लागतो आणि आवाज सपाट होतो.

आबा बॉनेटच्या कडेवर हात ठेवतात. पुतण्या मोबाइल खाली घेऊन आत वाकून बघू लागतो. इंजेक्टर कुठला अडकला होता, विचारतो. बारक्या दाखवतो.

साडेसात मिनिटांनी रेडिएटरच्या खालच्या पाइपातून पाणी. मिस्त्री चावी बंद करतात. पाइपाचं भोक मोजतात, वहीत लिहितात.

रात्री 7:50

कॅलेंडरच्या पाठीमागे हिशोब. टोइंगपासून बॅटरीपर्यंत 17,430. टायर अजून बाकी. वेल्डिंग बाकी. छताचं कापड शिवणारा पुण्यात आहे, त्याला फोन करायचाय. आणि पासिंग. नोंदणीची पंधरा वर्षं कधीच संपलीत. वीस वर्षांवरच्या गाडीला नूतनीकरणाचे 10,000, ऑगस्ट 2025 पासून. गाडी आधी भावाच्या नावावरून वारसाच्या नावावर करावी लागेल.

"माझ्या नावावर करा," पुतण्या म्हणतो.

आबा त्याच्याकडे बघतात, मग कॅलेंडरकडे. "टायरचे तू द्यायचे," म्हणतात.

पुतण्या हो म्हणतो. फाटकापर्यंत एक चक्कर मारू का, विचारतो. मिस्त्री चावी काढून खिशात टाकतात.

"ब्रेकमधली हवा काढायची राहिलीय. टायर 2009 चे. शनिवारी या."

बारक्याचे 450 हातात पडतात. पण तो जात नाही. बोलेरोचा गिअरबॉक्स चढवायला दोन माणसं लागतात, आणि तिला पहाटे चाकणच्या बाजारात कांदा पोचवायचाय. क्लचप्लेट बसवलेली आहे. मिस्त्री खाली सरकतात, बारक्या जॅक धरतो. "डावीकडे," आतून आवाज येतो. "अजून. बास. बोल्ट दे."