कोंबडीच्या खाद्यात ओवा कशाला?

पोट फुगलं की घरात ओव्याची बरणी निघते. हल्ली ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यातही ओवा, लसूण, दालचिनी यांचे अर्क मिसळतात. ते का?

ब्रॉयलरचं पिल्लू सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातं. या वाढीचा सारा भार आतड्यावर. त्याच्या अस्तरावर टर्किश टॉवेलच्या धाग्यांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यामुळे अन्नरस शोषायला कितीतरी जास्त जागा मिळते. क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू माजले की हे अस्तर झडतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही.

पूर्वी हे टाळायला निरोगी पक्ष्यांनाही रोज थोडं प्रतिजैविक चारत. त्यातून औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढतात, म्हणून युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठीचा हा वापर थांबवला. भारतानेही २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली.

म्हणून पर्याय शोधताना ओवा पुढे आला. त्याच्या तेलातलं थायमॉल हे द्रव्य जिवाणूच्या पातळ आवरणात घुसून ते गळकं करतं. आतले क्षार बाहेर झिरपतात, जिवाणू मरतो. पण हे तेल आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. पुढपर्यंत पोचावं म्हणून त्यावर स्निग्ध पदार्थाचं कवच चढवतात.

शेडमधलं तूस ओलं आणि पाणी दूषित असेल, तर मात्र महागडा अर्कही वाया जातो. आधी तेवढं सुधारा.