गोष्टीतली मोकळी जागा

जून १९९५. आफ्रिकेतल्या झांबिया देशात कमाना नावाचं एक लहानसं गाव. तिथल्या एका आरोग्य कर्मचाऱ्याला मलेरियाच्या उपचाराबाबत काहीतरी अडलं. त्याने इंटरनेटवरून अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या ‘सेंटर्स फॉर डिसीज कंट्रोल’ या संस्थेचं संकेतस्थळ उघडलं आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळवलं.

गोष्ट एवढीच आहे. सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही. या अर्ध्या मिनिटाने जागतिक बँकेसारखी अवाढव्य संस्था वळली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो. आजही होतो.

ती सांगणारे स्टीफन डेनिंग हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, बँकेत उभी हयात काढलेले वरिष्ठ अधिकारी. १९९६ साली आफ्रिका विभागातली मोठी जबाबदारी त्यांच्या हातून गेली आणि माहितीच्या व्यवस्थेत लक्ष घालायला त्यांना सांगण्यात आलं. कुठल्याही कचेरीतल्या माणसाला अशा बदलीचा अर्थ कळतो. डेनिंग मात्र खरंच लक्ष घालू लागले आणि त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. बँक देशोदेशी कर्जं देते. ती देताना रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने यांबद्दल तिच्या माणसांना जे उमगलं, ते मात्र त्यांच्या डोक्यांत आणि कपाटांत अडकून पडतं. हे शहाणपण जगाला खुलं का करू नये?

त्यांनी तक्ते केले, आकृत्या काढल्या, मुद्दे मांडले. लोक सभ्यपणे ऐकायचे आणि उठून जायचे. मग झांबियाची ही घटना एका सहकाऱ्याकडून त्यांच्या कानावर आली आणि ते तीच सांगू लागले. शेवटी एकच गोष्ट जोडायचे: या चित्रात आपली बँक कुठेच नाही, गरिबीशी झुंजण्याचं एवढं ज्ञान आपल्यापाशी असून त्या कर्मचाऱ्याच्या हाती त्यातलं काही लागत नाही, ते लागलं असतं तर? ऑक्टोबर १९९६ मध्ये बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी वार्षिक सभेत जाहीर केलं की यापुढे ही ‘ज्ञानाची बँक’ही असेल.

आता त्या गोष्टीकडे पुन्हा बघा. त्या कर्मचाऱ्याला नाव नाही, चेहरा नाही. पाऊस पडत होता की ऊन होतं, रुग्ण वाचला की नाही, काहीच कळत नाही. कथा म्हणून ही फारच अशक्त. पण डेनिंग यांच्या मते हा अशक्तपणाच तिचं बळ आहे. आपण बोलत असतो तेव्हा समोरच्याच्या डोक्यात दुसरा एक आवाज चालू असतो. माझ्या विभागाचं काय, माझ्या कामाचं काय, असं तो कुजबुजत असतो. वक्ते त्याला गप्प करू पाहतात. डेनिंग यांनी त्याला काम दिलं. झांबियाची गोष्ट कानावर पडत असताना रस्त्यांचं काम बघणाऱ्याच्या मनात कुठल्यातरी देशातला रस्त्यावरचा अभियंता उभा राहिला, शिक्षणाचं बघणाऱ्याच्या मनात शाळा. प्रत्येकाने स्वतःची गोष्ट रचली. स्वतः रचलेल्या गोष्टीशी कोण वाद घालतो? २००० साली आलेल्या पुस्तकात त्यांनी अशा गोष्टींना नाव दिलं ‘स्प्रिंगबोर्ड’, म्हणजे पोहणारा ज्या फळीवरून पाण्यात सूर मारतो ती फळी. उडी ऐकणाऱ्याने मारायची.

ऐकणारा स्वतःच गोष्ट रचतो, ही सवय किती खोलवर रुजलेली आहे हे १९४४ सालच्या एका प्रयोगात दिसलं होतं. फ्रिट्झ हायडर आणि मॅरियन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी अडीच-एक मिनिटांची एक फिल्म बनवली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन. आकार इकडून तिकडे सरकतात, बस्स. ३४ विद्यार्थिनींना ती दाखवून ‘काय दिसलं ते लिहा’ म्हणून सांगितलं. मोठा त्रिकोण दांडगा, छोटा धीट, वर्तुळ घाबरलेलं, कोणी कोणाला वाचवलं, असं सगळं त्यांनी लिहिलं. भूमितीच्या भाषेत वर्णन करणारी निघाली फक्त एक! ही फिल्म आजही इंटरनेटवर बघायला मिळते. जरूर बघा, आणि त्रिकोणाचा राग येऊ न देण्याचा प्रयत्न करा. मला तो साधलेला नाही.

पुढे मेंदूत डोकावण्याची यंत्रं आली. प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुणीला एमआरआय यंत्रात झोपवून तिच्या शाळेतल्या नृत्यसोहळ्याची गंमत सांगायला लावली. मग तेच ध्वनिमुद्रण ११ जणांना ऐकवत त्यांचे मेंदू तपासले. ऐकणाऱ्यांचे मेंदू सांगणारीच्या मेंदूमागून, थोड्या अंतराने, तसेच उमटत गेले. मात्र २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली थरारून टाकणारी नोंद वेगळी आहे. मेंदूच्या काही भागांत ऐकणारे सांगणारीच्या पुढे धावत होते! पुढे काय येणार ते त्यांचा मेंदू आधीच घडवत होता, आणि हे पुढे धावणं ज्यांच्यात जास्त, त्यांना गोष्ट जास्त चांगली समजली होती.

म्हणजे आपण ज्याला ‘पटवणं’ म्हणतो त्यातलं निम्मं काम समोरचा करत असतो. त्याला ते करता येईल अशा क्रमाने माल हाती द्यायचा, हे आपलं काम. हा क्रम किती जबरदस्त असतो ते नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी यांनी १९८८ साली दाखवलं. ज्यूरीच्या भूमिकेत बसवलेल्या लोकांपुढे त्यांनी एका खून खटल्याचा पुरावा ठेवला. फिर्यादी पक्षाचा पुरावा घटना घडल्या त्या क्रमाने आणि बचाव पक्षाचा साक्षीदार येतील तसा विस्कळीत मांडला, तेव्हा ७८ टक्के लोकांनी आरोपीला दोषी ठरवलं. क्रमाची ही अदलाबदल केली तेव्हा दोषी म्हणणारे उरले ३१ टक्के. पुरावा तोच, शब्द तेच.

या आकड्यांनी मला आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटते. एवढी ताकद ज्याच्या हाती आहे त्याने खोटी गोष्ट सांगणं हा गुन्हाच मानायला हवा. कचेरीतल्या बैठकीत सांगायची घटना खरोखर घडलेली असावी. कल्पनेतली असेल तर ‘समजा’ म्हणून सांगावी. डेनिंग यांची गोष्ट कोणीही तपासू शकेल अशी होती, ठिकाण आणि महिना यांसकट.

मग आकडे सांगूच नयेत का? इथे आणखी एक अभ्यास आठवतो. २००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी लोकांना पाच डॉलर देऊन त्यातून आफ्रिकेतल्या भुकेलेल्यांसाठी मदत मागितली. लाखोंचे आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचणाऱ्यांनी दिले २.३८. आणि रोकियाच्या जोडीला आकडेही वाचले त्यांनी? १.४३. आकड्यांनी रोकिया झाकोळली. आकडे लपवा, असा अर्थ मी यातून काढत नाही. निर्णय घेणाऱ्याला ते लागतातच. पण दोन्ही एकाच घासात भरवू नयेत. समजा, एखाद्या दवाखान्यात रात्रपाळीला दुसरी परिचारिका हवी आहे. आधी सांगावं की रात्री अडीचला दोन टोकांच्या दोन खाटांवरून एकदम हाक येते आणि वॉर्डात एकटीच सिस्टर आहे. ऐकणाऱ्याला तिथे क्षणभर उभं राहू द्यावं. रुग्णसंख्येचा तक्ता त्यानंतर.

हे सगळं वाचताना मला सारखा आठवत होता तो आपला ‘दृष्टांतपाठ’. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत केसोबासांनी त्यात एकत्र केले. त्यांची बांधणी बघा: आधी सूत्र, म्हणजे स्वामींचं वचन. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्ट आणि वचन यांची केसोबासांनी घालून दिलेली सांगड. डेनिंग यांचाही क्रम असाच: आधी ज्ञान खुलं करण्याचा विचार, मग झांबिया, मग ‘आपण तिथे असतो तर?’ सातशे वर्षांनंतर वॉशिंग्टनमधल्या एका अधिकाऱ्याला चाचपडत जे सापडलं, त्याचा साचा मराठी गद्याच्या पहिल्यावहिल्या ग्रंथांपैकी एकात तयार होता! हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांतही त्यात आहे. ती गोष्ट त्याच्याही कितीतरी आधीपासून भारतात फिरत होती आणि आज शाळकरी पोरालाही ती येते.

तेव्हा पुढच्या बैठकीत पहिला तक्ता पडद्यावर आणण्याआधी एक खरी घटना सांगून बघा, एकाच माणसाची, दोन-चार वाक्यांत. आणि सांगून झाली की लगेच बोलू नका. समोरच्यांना त्यांची गोष्ट रचायला थोडा वेळ द्या.